मधू, तुझ्या कागदावर काय काढू?

मधू,

गेल्या रविवारी तुझ्या आयेने तू रंगवलेला शेवटचा कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "यशवंता, ह्येच्यार माझ्या मधूचा तोंड काढून दी. भिंतीर लावतंय."

तू जाऊन अजून महिना झाला नाही, आणि तुझ्या आयेने मला असं कात्रीत पकडलंय, की तू वर बसून नक्की हसत असशील. वर वगैरे मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तू मानायचास, म्हणून तुझ्यापुरती सोय केली. हस लेका.

तुझा धड एक फोटो नाही. आपल्या खात्यातल्या मंडळींचा एक आहे, पण त्यात तू ऐन वेळी शेजारच्याच्या पाठीत थाप मारायला वळलास आणि तुझ्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा आला. तुझी आये तो फोटो उन्हात धरून बघते, तिरपा करून बघते, आणि परत ठेवून देते. तिला भिंतीवर मुलाचं तोंड हवं आहे. हाताशी चित्र काढणारा माणूस मीच, आणि कागद तिने निवडला तो तुझ्या हातचा शेवटचा म्हणून. तिचं काहीच चुकलं नाही.

पण तू जन्मभर काय घोकत होतास? पार्श्वभूमी म्हणजे चित्राची तयारी नव्हे, तेच चित्र. त्यावर काही काढायचं नाही. "माझ्या कागदावर जो काय चिमणी-घर काढील ना, त्याचा हात मोडीन!" हे तू मला तुमच्या गॅलरीत, आयेचं लाटणं हातात घेऊन, अर्ध्या मजल्याच्या साक्षीने बजावलं होतंस. आता मी तुझं ऐकू की तुझ्या आयेचं?

हे वाचणाऱ्याला आपलं काम काय ते सांगायला हवं. तू जरा गप्प बस. आपण दोघं गिरणीच्या डिझाईन खात्यात होतो. लुगड्यांवर, चिटांवर जी वेलबुट्टी छापतात ती आधी कागदावर काढायची, हे काम. त्या कामाचा पहिला नियम म्हणजे सांधा. कागदाच्या उजव्या कडेला तुटलेली वेल डाव्या कडेला बरोबर त्याच जागी सुरू व्हायला हवी, वरचं फूल खालच्या देठाला मिळायला हवं. म्हणजे मग कितीही वार कापड छापा, जोड दिसत नाही. ही सवय इतकी हाडात मुरली होती की हिंदमात्याला बायका दुकानांतली लुगडी बघायच्या आणि आपण त्या लुगड्यांतले सांधे शोधायचो. एकदा तू एका बाईच्या पदराकडे इतका टक लावून बघत राहिलास की तिच्या नवऱ्याने बाह्या सरसावल्या. तू नम्रपणे म्हणालास, "रागावू नका, त्यांच्या पदराचा सांधा चुकलाय." त्यानंतर परळच्या नाक्यापर्यंत आपण जे पळालो, तसा मी पुन्हा कधी पळालो नाही.

मला वाटतं, त्या सांध्याच्या जाचाला कंटाळूनच तू घरी असले उद्योग सुरू केलेस. सुरुवात मात्र आगळाने झाली. गावाहून आयेला आगळाची बाटली आली होती. कोकमाचा तो लालभडक रस बघून तुझी मती फिरली. तू एक जाड कार्ट्रिज कागद भिजवलास, पाटावर पसरलास आणि त्यावर अर्धी बाटली ओतलीस. रंग सुरेख आला, पण वाळेचना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू धापा टाकत डिलाईल रोडला माझ्या खोलीत आलास. "यशा, चल. कागदाला काहीतरी झालंय."

खरंच झालं होतं. त्या लालात जागोजागी पांढुरक्या चांदण्या उमटल्या होत्या. कडेने रंग गडद, मधे फिका, आणि एक चांदणी दुसरीसारखी नाही. मी बोट लावून चाखलं आणि म्हणालो, "मीठ." आगळ खारवलेलं असतं हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. तुझं सगळं बालपण त्याच्या कढीवर पोसलेलं. पण रंग म्हणून बघायला लागल्यावर तू ते साफ विसरलास. तुझी आये मागे उभी होती. "मेल्यांनो, माझा आगळ संपयल्यात? आता कढयेत काय घालू, तुमचो रंग?" तिला उत्तर द्यायचं सोडून तू थेट मिठाच्या बरणीकडे गेलास.

त्यानंतरचे रविवार आठवले की मला आजही हसू येतं. आपण लालबागच्या तुमच्या खोलीत सकाळी बसायचो ते आये जेवायला उठवेपर्यंत. खरी गंमत होती वेळेची. कागद चिंब असताना मीठ टाकलं तर ते विरघळून जातं, वाळल्यावर टाकलं तर ढिम्म बसून राहतं. रंगावरची ओली चमक जायच्या बेतात आली की टाकायचं. मग एकेक खडा आपल्याभोवतीचं पाणी ओढून घेतो, रंग मागे सरतो आणि फूल उमलतं. ती चमक बघायला तू जमिनीवर आडवा होऊन कागदाच्या कडेला डोळा लावायचास आणि श्वास रोखून म्हणायचास, "थांब... थांब... आता!" मी चिमूट सोडायचो. शेजारच्या बायका दारातून डोकावून विचारायच्या, "काय झालं ह्यांना?" आये सांगायची, "काय नाय. मीठ पेरतहत."

मीठ झालं, मग चहाचा चोथा झाला. मग हळद, आणि हळदीवर चुन्याचा हात लागला की होणारा लाल. ओल्या रंगावर पिंपळाची पानं ठेवून वर पाटा ठेवायचा, म्हणजे सकाळी शिरा न् शिरा उमटलेली. चौपाटीची वाळू, कांद्याची सालं, नारळाच्या सोडणाचा ठेचून केलेला कुंचला. एका रविवारी खडे मीठ संपलं म्हणून तू बांगडे खारवायच्या मडक्यातलं मीठ वापरलंस. फुलं झकास आली, पण कागद गॅलरीत वाळत ठेवून आपण जेवायला बसलो आणि चाळीतल्या मांजरीने तो चाटून काढला. तिच्या जिभेचे खरबरीत पट्टे रंगात असे काही उठले होते की तू तिला हाकलायला तयार होईनास. "हात पण लावू नको तिला, काम करतेय ती," असं तू मला बजावलंस. तो कागद तू खात्यात साहेबाला दाखवलास. साहेब म्हणाला, टेक्निक छान आहे, कुठल्या हत्याराने केलंस? तू म्हणालास, "लोकल आहे साहेब."

एक गोष्ट मात्र आपण कधी बोललो नाही. आज बोलतो.

मी तुमच्याकडे नवा नवा यायला लागलो तेव्हा तुझी आये मला चहा द्यायची तो कान तुटलेल्या एका कपात. तो कप बाकीच्यांत मिसळत नसे, दाराजवळच्या कोनाड्यात पालथा असायचा. चहा पिऊन मी तो विसळून परत तिथेच ठेवायचो. अशा कपाची मला लहानपणापासून ओळख होती. मग तू काय केलंस? कुंचले धुवायला घरातले कप घ्यायला लागलास. आज हा, उद्या तो. कधी माझा, कधी तुझा, एकदा तर बाहेरच्या पाहुण्यांसाठी ठेवलेला नक्षीचा. आये ओरडायची, तू "चुकलं गे" म्हणायचास, आणि पुढच्या रविवारी आणखी एक कप निळा. काही महिन्यांत घरात डाग नसलेला एकही कप उरला नाही. दोन-तीन कपांचे कानही त्या धुलाईत गेले. मग एका सकाळी आयेने वैतागून जे हाताला लागेल त्यात चहा ओतला, आणि तेव्हापासून तो कोनाडा रिकामा राहिला.

हा तुझा गबाळेपणा होता असं मला कुणी सांगू नये. खात्यात तुझं रंगाचं पाणी कुणी जरा सरकवलं तरी तू खवळायचास. स्वच्छ पाण्याचं भांडं वेगळं आणि मळक्याचं वेगळं, असा तुझा खाक्या. तो माणूस घरी चहाच्या कपात कुंचला बुडवेल? मला तेव्हाच कळलं होतं. तुलाही कळलं असणार की मला कळलंय. पण तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, आणि मी आभार मानले असते तर तू शिव्या घातल्या असत्यास. आता शिव्या घालता येत नाहीत, म्हणून मानून घेतो. मधू, तू फार मोठा माणूस होतास रे.

बरं, एवढं म्हटलं म्हणून त्या वादात मी माघार घेतली असं समजू नकोस. मला कागदावर काहीतरी हवंच असायचं. एक होडी, एक झाड, निदान दूरवर एखादा माणूस. "डोळा टेकवायला जागा नको का?" असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, "डोळा टेकवायला काय खुर्ची आहे ती?" आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी आमच्या घरातल्या देवांच्या तसबिरी उतरल्या आणि भिंतीवर चौकटींचे फिकट डाग तेवढे राहिले. तू आलास, चहाही न घेता त्या भिंतीसमोर उभा राहिलास. "यशा, धुराने आणि वर्षांनी रंगवलेली आहे बघ. हिच्यावर आता काही लावू नको." माझी आई आतून म्हणाली, "शहाणाच आहेस. उघडी भिंत काय बघायची?" दुसऱ्याच आठवड्यात तिने तिथे बाबासाहेबांचा फोटो लावला. मी तुला म्हणालो, बघ, माझी आई माझ्या बाजूने. तू म्हणालास, "आयांचं सोड. आया सगळ्या तुझ्याच पक्षात."

तुझ्या ह्या हट्टापायी आपण मार खाता खाता वाचलो तो प्रसंग तर अख्ख्या चाळीला पाठ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेरीसाठी पोरांनी तुझ्याकडे नकाशा मागितला होता. मोठा, दोन काठ्यांमधे धरून न्यायचा. खाली 'झालाच पाहिजे'. साधं काम. पण साधं काम तू कधी केलंस? महाराष्ट्राला गेरूचा लाल, वर गुजरातला हळदीचा पिवळा, समुद्राला नीळ, आणि सगळ्यावर मुठीमुठीने खडे मीठ. फुलं अशी उमलली की पोरंही वाकून बघायला लागली. मी सांगितलं, "मधू, मीठ झटकून टाक." तू म्हणालास, "उजाडताना ऊन पडलं की चमकेल, राहू दे." पावसाळा नुकता सरला होता, पहाटे हवा ओलसर. फेरी गणेश गल्लीतून निघाली तेव्हा नकाशा चमकत होता. भारतमाता टॉकीजच्या पुढे जाईपर्यंत मिठाला पाणी सुटलं आणि वरची हळद खाली ओघळायला लागली. पोरं घोषणा देतायत, फुटपाथवरची माणसं मात्र बोटं दाखवतायत. मागे वळून बघतो तर गुजरात पार ठाण्यापर्यंत उतरलेला, आणि मुंबई पिवळीधमक!

पुढारी पोरगा किंचाळला, "ओ मधूभाऊ, मुंबई देऊन टाकलीत की! आम्ही काय लाठ्या उगाच खाल्ल्या?" तू जागच्या जागी सदऱ्याच्या बाहीने मुंबई पुसायला लागलास, तर तिचं आणखीच वाटोळं झालं. शेवटी आपण दोघांनी नकाशा उलटा धरला. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी कोळशाने 'मुंबईसह' एवढंच लिहिलं आणि फेरी पुढे गेली. परत येताना तू माझ्या कानाला लागलास, "बघ, कोरी बाजूच कामाला आली." अशा वेळीही वाद जिंकायची खुमखुमी! आता द्विभाषिक राज्य मोडणार, मुंबई आपल्यालाच मिळणार, असं पेपरात येतंय. तुझ्या नकाशाचा काही परिणाम झाला नाही म्हणायचा.

आणि मग तू अंथरुणाला खिळलास. ते दिवस मी इथे लिहीत बसणार नाही. तुला स्वतःला त्यांचा कंटाळा आला होता. लिहायचं ते एवढंच की त्यातही तू आयेला छळायचं सोडलं नाहीस. तुला पेज घ्यायला सांगितली होती. तू दोन घोट घ्यायचास आणि वाटी मला दाखवून डोळे मिचकावायचास. "खळ आहे रे ही. यात नीळ घाल." मी घातली. मी पाट धरला, तू उशीला टेकून ती निळी पेज कागदावर पसरलीस आणि बोटांनीच त्यात रेघा ओढल्यास. हात थरथरत होता, म्हणून रेघाही थरथरल्या, आणि खाडीच्या उथळ पाण्यावर वारा फिरावा तसं काहीतरी झालं. वरच्या कोपऱ्यात तू हळदीचं बोट टेकवलंस, तिथे हिरवं उतरलं. मीठ मी टाकलं. "आता," एवढं मात्र तूच म्हणालास, पडल्या पडल्या, कागदाकडे न बघता, आणि वेळ बरोबर होती. आये म्हणाली, "पोटात जावची ती पेज कागदाक पाजलंस." तू म्हणालास, "त्येका जास्त भूक होती गे."

मला राहवलं नाही. म्हणालो, "झकास झालाय. इथे उजवीकडे एक छोटी होडी काढली ना—"

"परत होडी!" तू डोळे मिटलेस, पण हसत होतास. "थांब. तुला एकदा नीट समजावून सांगतो. जरा दम खाऊ दे."

ते समजावून सांगणं राहिलं. मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, पण तू त्या दिवशी काय सांगणार होतास ते मला खरंच ऐकायचं होतं. कामावर दुपारी डबा उघडतो आणि मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी मीच बोलतो. तुझ्या बाजूने बोलताना माझी वाक्यं लंगडी पडतात. मला तुझी फार आठवण येते, मधू. समोरची खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही, आणि दिली की मी त्या माणसाशी भांडणार आहे.

तर सोमवारी काम सुटल्यावर मी पाट आणि पेन्सिल घेऊन तुमच्याकडे गेलो. ठरवूनच गेलो होतो की आयेचं ऐकायचं. तू हात मोडणार असलास तर मोड. तुझा कागद पाटावर लावला. आये समोर बसली. आपण फुलं-पानं काढणारी माणसं, तोंड काढायचं म्हणजे मला घाम. मी विचारलं, "आये, त्याच्या भुवया कशा होत्या गे? जुळलेल्या का?" रोज समोर बसणाऱ्या माणसाच्या भुवया मला आठवेनात.

"जुळलेल्यो? नाय. एक मोडलेली होती. मधू झाडार चढलो होतो, आंब्याच्या. चार वर्साचो पण नव्हतो. पडलो तो सरळ म्हशीच्या पाठीर..."

म्हैस कुणाची होती, तिने मग काय केलं, तुझा बाप कसा धावला, हे सगळं होईतो दिवेलागण झाली. पेन्सिल हातात तशीच. मी म्हटलं, आये, आता सुरू करतो. तिने कागदाकडे बघितलं. त्यावरून हलकेच हात फिरवला, खरखरीत निळ्यावरून, हिरव्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाली, "आज रवांदे. फाल्यां ये." उद्या ये. "जेवान जा."

मंगळवारी नाकाबद्दल विचारलं. नाक तुझ्या आजोबांचं निघालं, म्हणून आधी आजोबा ऐकावे लागले. ते एका दिवसात संपणारे नव्हते. बुधवारी कान. कानात तू एकदा चिंचोका घातला होतास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस! काढला कसा, ते सांगताना आये इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं शेजारीण दारातून म्हणाली. निघताना पुन्हा तेच, "आज रवांदे. फाल्यां ये."

काल मी मुद्दाम घाई केली. पेन्सिल कागदाला टेकवायला गेलो, तर आयेने माझं मनगट धरलं. जोराने नाही. "इतक्यात नको," ती म्हणाली, "तो आजून ल्हान आसा."

मी पेन्सिल खाली ठेवली. मधू, तुझा कागद जसा होता तसाच आहे, त्यावर होडी नाही आणि तोंडही नाही, आणि आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तुला बघतो. तू जे समजावून सांगणार होतास ते हेच का, ते मला माहीत नाही. वाद मी अजून सोडलेला नाही. पण तुझी आये तुझ्या पक्षात गेली आहे, आणि तिला हे कुणी सांगू नये असं मला वाटतं.

आजच्या गोष्टीत तुला शाळेत घालायचं आहे. पेन्सिल नेतोय. तिला टोक काढलेलं नाही.

तुझा,
यशा